वाट्सच्या तळघरात

शनिवार, रात्र, बुडापेस्ट

आज एकटीच वाट्सला जाऊन आले. न्युगाती स्टेशनवरून गाडी पकडली. डॅन्यूबच्या काठचं शांत गाव. तिथल्या डॉमिनिकन चर्चची डागडुजी करताना १९९४ साली भिंतीमागे विसरून गेलेलं एक तळघर सापडलं. आत एकावर एक रचलेल्या शवपेट्या, आणि त्यांत २६५ माणसं, बरीचशी न कुजता वाळलेली. १७३१ पासून तिथे पुरत होते, १८३८ मध्ये दार चिणून टाकलं. कुणी मसाले भरले नव्हते की औषधं लावली नव्हती. तळघरातला कायमचा थंडावा, खेळती हवा आणि पेटीच्या तळाशी अंथरलेला पाइनचा भुसा, एवढ्यानेच ती टिकली.

बहुतेक देह आता बुडापेस्टच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. वाट्समध्ये जुन्या दारूच्या तळघरात काही देह आणि पेट्या मांडल्या आहेत. पायऱ्या उतरताना छातीत धडधडत होतं, पण चेहरे पाहून भीती वाटली नाही. पेट्यांपाशीच जास्त रेंगाळले. फुलं, कवट्या, वाळूची घड्याळं रंगवलेली, आणि नाव, वय, मृत्यूची तारीख. लहान मुलांच्या पेट्यांवरसुद्धा.

या गावाला क्षयाने पोखरलं होतं. एका आईच्या आणि तिच्या दोन मुलींच्या देहांत क्षयाच्या जंतूचा डीएनए सापडला. त्यातली एक मुलगी, तेरेझिया हाउसमान, १७९७ च्या नाताळात गेली, अठ्ठावीस वर्षांची. तिच्या एकटीच्या फुप्फुसात क्षयाच्या दोन वेगळ्या जाती होत्या. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने हा जंतू शोधला १८८२ मध्ये. म्हणजे ती एका जंतूमुळे खंगतेय, हे तिच्या उशाशी बसलेल्या कुणालाच कळलं नसणार.

तिचं वय वाचलं आणि मला आत्या आठवली. आठवली तरी कसं म्हणू, मी तिला पाहिलेलंच नाही. बाबांची थोरली बहीण एकोणिसाव्या वर्षी क्षयाने गेली, बाबा तेव्हा सहा वर्षांचे. आजीने आजाराचं नाव कधीच घेतलं नाही, नुसतं 'तिला बरं नव्हतं' म्हणायची. तिचं ताट वेगळं होतं, माजघराच्या मागची खोली वेगळी होती. गेल्यावर अंथरूण, लुगडी, वह्या, सगळं मळ्यात नेऊन जाळलं. फोटो काढलेलाच नव्हता. मागे धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून पुढे तिचा विषयही निघेना. आजीचा मला राग येत नाही. पण आज त्या पेट्यांवरची नावं बघताना रडू आवरेना. वाट्सच्या लोकांनी आजारी पोर गमावली आणि तिचं नाव रंगवून ठेवलं.

परतीच्या गाडीतून बाबांना फोन केला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. म्हटलं, "बाबा, आत्या कोणत्या तारखेला गेली?"

बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "तारीख नाही गं माहीत. श्रावण होता. मला शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलं होतं. खिडकीतून धूर दिसत होता, आणि मी विचारत होतो, आज कसली होळी?"

नंतर ते तिच्याबद्दलच बोलत राहिले. ती सुपारी कातरायची तेव्हा अडकित्त्याचा कसा आवाज यायचा, तेसुद्धा सांगितलं. बुडापेस्ट आलं तरी मी फोन ठेवला नाही, फलाटावरच्या बाकावर बसून ऐकत राहिले.