किमान देय रकमेचा फसवा दिलासा

क्रेडिट कार्डाच्या बिलावर एकूण देय रकमेच्या शेजारीच ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते, आणि माझ्या मते त्या संपूर्ण कागदावरचा सर्वांत महागडा आकडा तोच आहे. समजा, बिल ४०,००० रुपयांचे आहे आणि आपण त्यातले पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये भरले. विलंब शुल्क टळते हे खरे, परंतु उरलेल्या ३८,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के दराने सुमारे १,३३० रुपये व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. शिवाय व्याजाची आकारणी देय तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या तारखेपासून होते, आणि जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्यामुळे त्या महिन्यात आणलेल्या किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. एटीएममधून कार्डावर रोकड काढली, तर ही मुदत मुळातच नसते.

परदेशात कार्डाने पैसे देताना दुकानदार ‘बिल रुपयांत करू का’ असे अगत्याने विचारतो, तेव्हा स्थानिक चलनच निवडावे (त्या अगत्याचा विनिमय दर सहसा चढा असतो).

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्यावरच विलंब शुल्क आकारता येते. वापरात नसलेले, पण वार्षिक शुल्क खाणारे कार्ड बंद करण्याची विनंती, थकबाकी नसल्यास, बँकेने सात कामकाजी दिवसांत पूर्ण करायची असते. तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपयांचा दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो.