किलोमीटरमागे किती वॅट-तास? गोल्फ कार्टसाठी घरी बनवलेला मापक

विजेवर चालणाऱ्या गोल्फ कार्टच्या डॅशबोर्डावर बॅटरीची अवस्था दाखवणारा जो छोटा काटा किंवा दिव्यांची पट्टी असते, ती बहुधा फक्त व्होल्टेज मोजते आणि त्यावरून अंदाज बांधते. कार्ट उभी असताना तो अंदाज चालून जातो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मात्र काटा एकदम खाली बसतो आणि पाय उचलला की पुन्हा वर येतो. वेगाचा काटा तर अनेक कार्टना नसतोच. या दोन्ही उणिवा भरून काढण्यासाठी मी एक मापक स्वतः तयार केला. पडद्यावर एकच आकडा ठेवायचा झाला तर मी किलोमीटरमागे खर्च होणारे वॅट-तास ठेवेन, आणि वेग व बॅटरी ही दोन मोजमापे एकाच डबीत आणण्याचे खरे कारणही तेच आहे.

आधी व्होल्टेजचे पाहू. ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा संच पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवला, तर तो साधारण ५०.९ व्होल्ट दाखवतो. निम्मा रिकामा झाल्यावर ४८.४ आणि २० टक्के उरल्यावर ४६.६ च्या आसपास. म्हणजे अर्धी बॅटरी संपली तरी फरक पडतो जेमतेम अडीच व्होल्टचा. उलट चढावर शंभर-दीडशे ॲम्पिअर ओढले जात असताना बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे आणि केबलच्या जोडांमुळे व्होल्टेज क्षणात तेवढेच किंवा त्याहून जास्त खाली येते, आणि चार्जिंगच्या शेवटी ते साठ व्होल्टच्या जवळ जाते. ज्या आकड्यावर गाडी चालवण्याचा परिणाम बॅटरी संपण्याच्या परिणामाहून मोठा असतो, त्यावरून चालत्या गाडीत टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. म्हणून व्होल्टेज मी पडद्यावर ठेवले असले तरी टक्केवारीसाठी त्याचा वापर फक्त गाडी बराच वेळ उभी असेल तेव्हाच, पडताळणीपुरता केला आहे.

खरा आधार आहे तो करंट मोजण्याचा. बॅटरीतून किती ॲम्पिअर किती वेळ बाहेर गेले आणि किती आत आले याची जमाखर्चाची वही ठेवली, की शिल्लक कळते. त्यासाठी ५०० ॲम्पिअरला ५० मिलिव्होल्ट देणारा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी वाटेत घातलेला अगदी कमी रोधाचा धातूचा तुकडा, मी संचाच्या ऋण टोकाशी बसवला. या शंटचा रोध ०.१ मिलिओहम असतो, त्यामुळे २०० ॲम्पिअरला त्यावर २० मिलिव्होल्ट मिळतात आणि उष्णता केवळ ४ वॅट होते. इतका कमी रोध मोजताना तारा कुठे जोडल्या आहेत याला फार महत्त्व येते. शंटवर जाड केबलसाठी दोन मोठे बोल्ट आणि मोजमापासाठी दोन बारीक स्क्रू असतात. मापकाच्या तारा त्या बारीक स्क्रूंनाच लावायच्या, कारण मोठ्या बोल्टखाली गंजाचा पातळ थर आला तरी त्या जोडाचा रोध शंटच्या रोधाएवढा होऊ शकतो आणि मग मापक शंटऐवजी गंज मोजत बसतो. दुसरी काळजी चार्जरची. त्याची ऋण तार थेट बॅटरीच्या टोकाला असेल तर आत येणारा करंट शंटमधून जातच नाही, वहीत फक्त खर्च लिहिला जातो. बॅटरीच्या ऋण टोकावर शंटची एकच केबल असावी आणि बाकी सगळे शंटच्या पलीकडे.

शंटचे मिलिव्होल्ट वाचण्यासाठी आयएनए २२६ ही चिप लोकप्रिय आहे, पण तिच्या मोजणीच्या टोकांना ३६ व्होल्टची मर्यादा आहे. मी आयएनए २२८ घेतली. ती ८५ व्होल्टपर्यंत चालते, संचाचे व्होल्टेजही थेट वाचते आणि करंटची बेरीज स्वतःच्या आत ठेवत जाते, त्यामुळे मायक्रोकंट्रोलर (मापकाचा प्रोग्रॅम चालवणारी चिप) पडदा रंगवण्यात गुंतला असला तरी हिशेब चुकत नाही. बेरजेच्या पद्धतीचा एक उपजत दोष मात्र लक्षात ठेवावा लागतो: शून्यात असलेली बारीकशी चूकही साठत जाते. या शंटवर १० मायक्रोव्होल्टची चूक म्हणजे ०.१ ॲम्पिअर, आणि गाडी नुसती उभी असताना २४ तासांत २.४ ॲम्पिअर-तासांचा खोटा खर्च. शून्याजवळचे वाचन सरसकट टाकून द्यायचा उपाय सोपा आहे, पण त्यामुळे मोटरचा कंट्रोलर आणि इतर जोडण्या उभ्या गाडीत जो थोडा करंट खरोखरच खात असतात तोही दिसेनासा होतो. मी मुख्य केबल सोडवून शून्य नोंदवून घेतले आणि तेवढेच वजा करतो.

आता टक्केवारी कशाची, हा प्रश्न उरतो. टी-८७५ या जातीच्या ८ व्होल्ट बॅटरीची क्षमता २० तासांत रिकामी केली तर १७० ॲम्पिअर-तास, पण ५ तासांत रिकामी केली तर १४५ ॲम्पिअर-तास दिलेली असते. जास्त वेगाने उपसले की लेड-ॲसिड बॅटरी कमी देते, हा संबंध पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये सूत्रात मांडला आणि वरच्या दोन आकड्यांवरून त्याचा घातांक सुमारे १.१३ निघतो. हे सूत्र क्षणाक्षणाच्या करंटला लावण्याचा मोह मी टाळला. ते एकसारख्या उपशासाठी आहे. कार्टचा उपसा शून्यापासून दोनशेपर्यंत सतत हलतो आणि मधल्या विश्रांतीत बॅटरी काही क्षमता परत मिळवते. ५ तासांचा आकडा पाया धरणे सरळ आणि पुरेसे आहे. चार्जिंगच्या बाबतीत वहीवर मी तितका विसंबत नाही, कारण आत घातलेले सगळे ॲम्पिअर-तास साठत नाहीत, शेवटी शेवटी बराच भाग पाण्याचे विघटन करण्यात जातो. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर आणि करंट बराच वेळ अगदी कमी, अशी स्थिती दिसली की मापक हिशेब पुन्हा १०० टक्क्यांवर आणतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच असेल तर पॉयकर्टचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण त्याचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात इतके सपाट असते की करंट मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

एकूण व्होल्टेजमागे एखादी दुबळी बॅटरी लपून राहते, म्हणून तीन-तीन बॅटऱ्यांच्या दोन भागांमधून एक तार घेऊन मी दोन्ही अर्ध्यांची तुलना करतो. इथे व्होल्टेज मोजण्याजोगे कमी करणारा दोन रेझिस्टरांचा विभाजक वापरला आहे. एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर दोन्ही विरुद्ध दिशांना चुकले तर २४ व्होल्टवर जवळपास अर्ध्या व्होल्टची चूक होते, आणि दुबळेपणाची पहिली खूणही तेवढीच असते. त्यामुळे चांगल्या मल्टिमीटरने ताडून काढलेला गुणक प्रोग्रॅममध्ये लिहिणे अनिवार्य आहे.

वेगाचे काम त्यामानाने हलके. बहुतेक कार्टमध्ये पुढच्या चाकांना ब्रेक नसतो, म्हणून रिमच्या आतल्या बाजूला समान अंतरावर चार चुंबके इपॉक्सीने चिकटवली आणि समोर ए३१४४ हा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की विजेचा एक ठोका देणारा सेन्सर, बसवला. तो चुंबकाच्या दक्षिण ध्रुवालाच प्रतिसाद देतो, तेव्हा चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबकाची बाजू सेन्सरवर तपासून खूण करावी. मोटरच्या दांड्यावर मुळातच सेन्सर असलेल्या गाड्यांत तीच तार वापरण्याचा सल्ला दिला जातो. कंट्रोलर ज्या संकेतावर अवलंबून आहे त्याला हात लावणे मला पटत नाही.

१८ इंची चाकाचा परीघ सुमारे १.४४ मीटर भरतो. एकच चुंबक लावून दर सेकंदाचे ठोके मोजले तर आकडा ५ वरून थेट १० किलोमीटरवर उडी मारतो, म्हणून ठोके मोजण्याऐवजी दोन ठोक्यांमधला वेळ मोजावा. गाडी थांबताना शेवटचा वेग पडद्यावर गोठून राहतो, त्यावर उपाय असा की पुढचा ठोका यायला जितका उशीर होईल तितका दाखवलेला वेगही खाली आणत जायचे. परीघ मात्र टायरवर छापलेल्या मापावरून घेऊ नये. चालक बसलेला असताना टायरवर खडूची खूण करून गाडी काही फेरे पुढे ढकलावी आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजून भागाकार करावा. वजनाने दबलेल्या टायरचा परीघ छापील मापापेक्षा कमीच येतो.

वीजपुरवठ्यात सर्वाधिक उपकरणे जळतात. मापकासाठी संचाचे व्होल्टेज खाली आणणाऱ्या एलएम २५९६ या स्वस्त कन्व्हर्टरची मर्यादा ४० व्होल्ट आहे आणि त्याच्या उच्चदाब आवृत्तीची ६०, म्हणजे चार्जिंगच्या वेळी काहीच शिल्लक राहत नाही. किमान ७२ व्होल्ट सोसणारा कन्व्हर्टर घ्यावा. संचातल्या एक-दोन बॅटऱ्यांवरूनच मापक चालवू नये, त्यांचा तोल कायमचा बिघडतो. मोजणीच्या प्रत्येक तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. संचाचे ऋण टोक सहसा गाडीच्या सांगाड्याला जोडलेले नसते, तेव्हा मापकाची डबी प्लॅस्टिकची असलेली बरी. काम करताना अंगठी काढावी, पान्ह्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटऱ्यांजवळ सोल्डरिंग करू नये, कारण तिथे हायड्रोजन असतो.

हिशेब जपून ठेवण्याबाबतही थोडा विचार लागतो. एटमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरच्या ईईप्रॉमला (वीज गेल्यावरही आकडे जपणाऱ्या स्मृतीला) एका जागी १,००,००० वेळा लिहिण्याची हमी असते. दर सेकंदाला लिहिले तर ती सुमारे २८ तासांत संपते. म्हणून मी एफरॅमची, म्हणजे जवळजवळ अमर्याद वेळा लिहिता येणाऱ्या स्मृतीची, छोटी चिप जोडली.

एवढे झाल्यावर मूळ आकडा केवळ भागाकाराने मिळतो. ४८ व्होल्ट आणि ६० ॲम्पिअर म्हणजे २,८८० वॅट. वेग ताशी २० किलोमीटर असेल तर किलोमीटरमागे १४४ वॅट-तास. १४५ ॲम्पिअर-तासांच्या संचात ६,९६० वॅट-तास धरले आणि त्यातले अर्धेच वापरायचे ठरवले, तर पल्ला सुमारे २४ किलोमीटर येतो. क्षणिक आकडा फार नाचतो आणि वेग शून्याजवळ आला की अनंताकडे धावतो, म्हणून ताशी ३ किलोमीटरच्या खाली मी तो कोराच ठेवतो आणि शेजारी मागच्या एका किलोमीटरची सरासरी दाखवतो. उतारावर मोटर वीज परत पाठवत असेल तर हा आकडा ऋणही होतो. नेहमीच्या सपाट वाटेवर सरासरी अकारण वाढलेली दिसली की मी आधी टायरमधली हवा पाहतो, मग चाक हाताने फिरवून ब्रेक घासतो आहे का ते; बॅटरीवर संशय त्यानंतर. पुढच्या टप्प्यात बॅटरीच्या अंगाला तापमानाचा सेन्सर चिकटवणार आहे, कारण थंडीत लेड-ॲसिडची क्षमता घटते आणि पल्ल्याचा अंदाज तेवढ्यापुरता अजून फुगलेलाच येतो.