शहाळं

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज सहा नंबरच्या बेडजवळ शहाळं दिसलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. नवा मुलगा आहे, चोवीस वर्षांचा. डायलिसिसच्या मशीनवर येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. आई त्याला जतहून एसटीने घेऊन येते. लेक खंगलाय म्हणून माउलीने रविवारी शहाळं पाजलं, सोमवारीही पाजलं, आणि आज वाटेतून आणखी एक घेऊन आली.

आजारी माणसाला शहाळं द्यावं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? देऊ नये, हे मात्र शिकवावं लागतं. पेलाभर पाण्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. ज्याची लघवी जवळजवळ बंद झाली त्याच्या अंगात ते साठतं आणि थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. त्यात आम्ही मंगळवार-गुरुवार-शनिवारवाले, म्हणजे शनिवारनंतर दोन दिवसांचा खंड. रिपोर्टमध्ये त्याचं पोटॅशियम ६.४ आलं. सिस्टर कडाडल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना!"

सांगितलं होतंच. नऊ वर्षांपूर्वी मलाही सांगितलं होतं. मानेत कॅथेटरची नळी, कानात 'आता आयुष्यभर' एवढेच शब्द, आणि हातात डाएटची इंग्रजी झेरॉक्स. मी मान डोलवत होते आणि मनात चाललं होतं, धाकटीची दहावी कोण बघणार? सरकारी आरोग्य योजनेत बसतं, एवढंच त्या दिवशी डोक्यात शिरलं, कारण ते पैशाचं होतं. पोटॅशियम निघून जावं म्हणून भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, हे कळायला चार महिने गेले. तेही शेजारच्या बेडवरच्या आजींकडून.

त्या आजींचा बेड एका शनिवारी रिकामा होता. विचारलं तर म्हणे, शिफ्ट बदलली. मंगळवारी तिथे दुसरं माणूस. आम्हाला त्रास नको म्हणून कुणी अक्षर काढलं नाही. आम्ही सगळे चार तास छताकडे बघत पडलो होतो आणि सगळ्यांनाच कळलं होतं. मला अजून त्याचा राग आहे.

गेल्या महिन्यापासून एक समाजसेविका येते. पोरगीच आहे. पहिल्यांदा आली तेव्हा नऊ प्रश्नांचा कागद होता: गेल्या दोन आठवड्यांत झोप लागते का, थकवा येतो का, भूक मंदावली का. अगं बाई, हे सगळं तर किडनी गेली की येतंच! मन खचलंय की रक्त साफ होत नाहीये, ते त्या कागदावरून कसं कळायचं? शिवाय प्रश्न मोठ्याने, हे पायथ्याशी उभे. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा होता. मी 'अजिबात नाही' म्हणून टाकलं.

खोटं होतं ते. पावसाळ्यात एकदा आठवडाभर, पुढच्या वेळी जायचंच नाही, असं मनात घोळत होतं. आज हे चहाला गेले तेव्हा तिला हळूच सांगितलं. वाटलं, उपदेश करेल. तिने स्टूल ओढलं आणि विचारलं, "त्या आठवड्यात काय झालं होतं, काकू?" मग अर्धा तास मीच बोलत होते. गुरुवारी मानसोपचाराच्या डॉक्टरांना बेडपाशीच घेऊन येते म्हणाली. बरं म्हटलं.

सुया निघाल्यावर सहा नंबरकडे गेले. पोरगा बोलेना, फक्त माझ्या फिस्टुलाच्या, म्हणजे मशीनच्या सुया टोचतात त्या हाताकडे बघत होता. नऊ वर्षांत नुसत्या गाठी झाल्यात तिथे. त्याचाही फिस्टुला मागच्या आठवड्यात झालाय, म्हणून उकाड्यातही फुल बाह्यांचा शर्ट.

"काकू, माझा हात पण असाच होणार?"

तीन आठवडे पोटॅशियम ऐकतोय बिचारा, आणि प्रश्न हा होता.

"थोडाफार होईल. मी ब्लाउजच्या बाह्या लांब शिवून घेते." खोटं कशाला बोलू? मग त्याची बोटं माझ्या हातावर ठेवली. रोहिणी आणि शीर जोडलेली, त्यामुळे आत सतत थरथर असते. दचकलाच. "मांजर गुरगुरतंय," म्हणाला. मग त्याला सांगितलं, ही युक्ती १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो या डॉक्टरांनी मांडली, त्याआधी नळी हाताबाहेर लोंबत असायची. रोज सकाळी हात लावून बघायचं, थरथर थांबली तर लगेच पळत यायचं. त्या हाताचं बीपी कुणाला घेऊ द्यायचं नाही. हे त्याने नीट ऐकलं. बाही स्वतःच वर केली.

आईने विचारलं, "मग शहाळ्याच्या जागी काय देऊ ताई?" मी म्हटलं, अंड्याचा पांढरा भाग, सफरचंदाची फोड. तिने गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावला. घर माळकरी. आता अंड्याच्या जागी काय, हे मला सुचेना. गुरुवारी आहारतज्ज्ञ बाईंना दोघी मिळून विचारू म्हटलं.

शहाळं तिने ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते कॉरिडॉरमध्ये, माझ्याकडे पाठ फिरवून, उभ्याउभ्या पिऊन टाकलं.