टिपर ते भाजीची गाडी : आमची वाटचाल

15 मार्च 2018 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा आमचे सहा टिपर दारात उभे होते. 2012 ला एकदा पोळूनही खनिजावरच विसंबलो होतो. चार टिपर मिळेल त्या भावाला विकले आणि बेळगावची भाजी म्हापशाला आणायला लागलो.

मग शेजारच्याच एका वाहतूकदाराने किलोमीटरमागे कमी दर लावून एका आठवड्यात आमची तीन गिऱ्हाइकं नेली. तो सल अजून आहे, कारण त्याचा हिशेब सरासरी वेळेवर होता. सरासरीवर पोचायची वेळ दिली की जवळजवळ निम्म्या खेपा उशिरा येतात, आणि बाजार भरल्यावर उतरलेली कोथिंबीर कोण घेणार? म्हापशाचे एक शेट तेवढे राहिले. म्हणाले, "वही दाखव."

लाल पुठ्ठ्याची ती लांब वही आजही चालते. दर खेपेला सुटायची वेळ, पोचायची वेळ, डिझेल, ड्रायव्हरची झोप. पावसाळ्याची पानं वेगळी, नाहीतर आकडे एकमेकांना बिघडवतात. वीस खेपांचे वेळ चढत्या क्रमाने लावायचे आणि पोचायच्या वेळेसाठी अठरावा धरायचा, म्हणजे विसातल्या दोनच खेपा त्याहून उशिरा. मात्र पूर्ण खेपेचाच. जांबोटी, चोर्ला, केरी, साखळी असे टप्पे पाडून प्रत्येकाचा अठरावा काढला आणि बेरीज केली, तर वेळ फुगतो. सगळे टप्पे एकाच रात्री सहसा बिघडत नाहीत.

रस्ता निवडताना डिझेल, उशीर आणि झोप यांना गुण देऊन बेरीज करू नका. बेरजेत उशीर लपतो. जो रस्ता तिन्ही बाबतींत दुसऱ्याहून वाईट, तो आधी खोडा. मग मर्यादा बांधा : विसात दोनपेक्षा जास्त उशीर नको, सहा तासांपेक्षा कमी झोप नको. त्यात बसणाऱ्यांपैकी कमी डिझेलवाला घ्या. मर्यादा किती, ते गिऱ्हाइकाशी बसून ठरवा. शेटनी ती स्वतः वहीत लिहिली आणि थोडा जास्त दर कबूल केला.

चोर्ला घाटापेक्षा आंबोली घाटाचा रस्ता लांब, तरी तो खोडलेला नाही. पावसाळ्यात माल भरण्यापूर्वी चोर्ल्याच्या रस्त्यावरच्या कणकुंबीला फोन करतो. दरड पडली असेल तर बेळगावातच गाडी आंबोलीकडे वळवतो, कारण जांबोटी ओलांडल्यावर परत फिरायचं म्हणजे डिझेल जास्तीचं जळतं आणि भाजीही सुकते.