अण्णांची टोपी आणि १९११ चा फोटो

आत्याच्या कपाटात, साडीच्या जुन्या खोक्यात एक फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, कडा कसरीनं कुरतडलेल्या. पुढे घोडेस्वार, मागे उघडी बग्गी, बग्गीत एक पुसट गोरी आकृती, आणि डावीकडे दिव्याच्या खांबाजवळ आमचे अण्णा, म्हणजे माझे पणजोबा. फोटोच्या मागे शाईनं लिहिलंय, ‘पंचम जॉर्ज बादशहा, मुंबई, १९११’. घरात कुणाचंही लग्न असलं की हा फोटो एकदा फिरतोच आणि त्याच्यामागून गोष्टही येते. राजा गेटवेतून आला, अण्णांनी त्याला डोळे भरून पाहिलं, समुद्रावरच्या वाऱ्यानं त्यांची टोपी उडाली आणि बिचारे बोडक्या डोक्यानं गिरगावापर्यंत चालत आले.

एका छोट्या प्रदर्शनासाठी जुने फोटो मागवले होते, म्हणून मी हा द्यायचं ठरवलं. त्यांची अट एकच, तारीख खात्रीची हवी. मला वाटलं, मागे लिहिलेलंच आहे, अर्ध्या तासाचं काम. पुढे तीन महिने गेले.

पहिल्याच दिवशी गेटवे हातचा गेला. राजा-राणी अपोलो बंदरावर उतरले २ डिसेंबर १९११ ला. गेटवेची पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ ला आणि उद्घाटन थेट ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे ज्याच्या स्वागताची आठवण म्हणून ही कमान बांधली, तो तिच्याखालून आलाच नव्हता. त्याच्यासाठी तात्पुरती शोभेची उभारणी होती. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “गेटवे नसेल, बंदर तर होतं ना? मग झालं तर.” तिचंही बरोबर होतं. गोष्टीतली एक जागा चुकली म्हणून फोटो चुकत नाही.

मग फोटो नीट स्कॅन केला. मोबाइलवर काढलेल्या फोटोत काही दिसत नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. १२०० डीपीआयवर स्कॅन करून पडद्यावर इंच-इंच सरकत पाहायचं, आणि मधल्या बग्गीकडे अजिबात पाहायचं नाही. बग्गी सगळ्या मिरवणुकांत सारखीच. कामाचं सगळं कडेला असतं.

वरच्या बाजूला एक बारीक आडवी रेघ होती. मी ती ओरखडा समजत होते. पण ओरखडा सगळ्यावरून जातो, ही रेघ एका पताकेच्या मागून जात होती. म्हणजे तार. ट्रामची! मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामी होत्या, विजेची ट्राम सुरू झाली ७ मे १९०७ ला. म्हणजे फोटो त्यानंतरचा. हाच जॉर्ज युवराज असताना १९०५ साली मुंबईत येऊन गेला होता, ती शक्यता संपली. १९११ मात्र शाबूत राहिलं आणि आत्यानं त्या दिवशी मला मुद्दाम शिरा करून घातला.

शिऱ्याचा आनंद चार दिवस टिकला. बग्गीच्या मागे, धुरकट, एक घुमट होता. मी ‘कुठली तरी इमारत’ म्हणून सोडून दिला होता. एका रविवारी सकाळी फोटोची प्रत घेऊन रीगल सिनेमापाशी गेले, वेलिंग्टन फाउंटनच्या आसपास उभी राहून मागेपुढे सरकत राहिले, आणि एका जागी घुमट अगदी फोटोतल्यासारखा बसला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट. ११ नोव्हेंबर १९०५ ला त्याची कोनशिला बसवली ती याच युवराज जॉर्जनं, आणि जॉर्ज विटेटनं आराखडा केलेली ती इमारत तयार झाली १९१४ च्या सुमारास. मग महायुद्ध आलं, तिथं लष्करी इस्पितळ झालं, लोकांसाठी म्युझियम उघडलं ते १९२२ मध्ये. १९११ साली तिथं घुमट असणं शक्यच नव्हतं.

तसा अण्णांचा चेहराही ओरडून हेच सांगत होता. १९११ साली ते पंधरा वर्षांचे होते. फोटोतल्या माणसाला भरघोस मिशा आहेत. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

घुमट झाल्यानंतरची राजघराण्याची भेट शोधायची, तर आता उरलं १९२१. पण त्या वर्षी दोन पाहुणे. फेब्रुवारीत ड्यूक ऑफ कॅनॉट, म्हणजे पंचम जॉर्जचा काका, नोव्हेंबरमध्ये युवराज एडवर्ड, म्हणजे पंचम जॉर्जचा मुलगा. मी ड्यूकवरच अडकून बसले. सुटका केली ती रस्त्याकडेच्या खांबांनी. प्रत्येक खांबाच्या टोकाला उलटी केरसुणी बांधल्यासारखं काहीतरी होतं. केरसुणी कोण लावेल राजपुत्राच्या वाटेवर? मोठं करून पाहिलं तर मुकुटातून वर आलेली, टोकाशी वाकलेली तीन पिसं. प्रिन्स ऑफ वेल्सचं, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाचं चिन्ह. ड्यूकसाठी ते कशाला लावतील? तारीख मिळाली, १७ नोव्हेंबर १९२१.

खात्रीसाठी त्या आठवड्याची वर्तमानपत्रं पाहायची होती. एका जुन्या ग्रंथालयात गेले. पहिल्या दिवशी ओळखपत्राची झेरॉक्स नाही म्हणून परत, दुसऱ्या दिवशी शिफारसपत्र नाही म्हणून परत, तिसऱ्या दिवशी मायक्रोफिल्म मिळाली ती उलटी गुंडाळलेली. नोव्हेंबर गाठायला डिसेंबरच्या टोकापासून मागे यावं लागलं. कुणाला असं शोधायचं असेल तर घटनेच्या आदल्या दिवसाचा अंक आधी मागा. मिरवणुकीचा मार्ग त्यात सापडतो. प्रत्यक्ष दिवसाच्या अंकात काही हाती लागत नाही, बातमी दुसऱ्या दिवशी येते.

आणि ती बातमी मिरवणुकीची राहिलीच नव्हती. युवराजाच्या स्वागतावर बहिष्कार होता, शहरात हरताळ. त्याच दिवशी गांधीजींच्या उपस्थितीत परळला परदेशी कापडाची होळी पेटली. मग दंगल. स्वागताला गेलेल्या लोकांना परतताना गाठून मारलं, ट्रामी अडवल्या, परदेशी कपड्याच्या टोप्या डोक्यावरून ओढून काढल्या. काही दिवसांत पन्नासहून जास्त माणसं मेली. गांधीजींनी १९ तारखेपासून उपास धरला तो २२ ला सोडला, आणि बार्डोलीचा सविनय कायदेभंग पुढे ढकलला.

मी यंत्रापुढे बसून ‘टोप्या’ हा शब्द बराच वेळ पाहत राहिले.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. जाणं भाग होतं की हौसेनं गेले, ते कळायला आता मार्ग नाही. टोपी खरंच वाऱ्यानं उडाली असेल, बंदरावर वारा असतोच. मी कशाचाही पुरावा देऊ शकत नाही. पण घरात १९११ का लिहिलं असेल, याचा अंदाज मला आला. १९११ ला राजा पाहिला असं सांगता येतं. १७ नोव्हेंबर १९२१ ला युवराज पाहायला गेलो होतो, हे स्वातंत्र्य मिळाल्यावर लग्नाच्या पंगतीत कोण सांगेल?

आत्याला सगळं वाचून दाखवलं. वाटलं, चिडेल. ती फोटो हातात धरून गप्प बसली. मग म्हणाली, “मला लहानपणी नेहमी प्रश्न पडायचा. टोपी उडाली तर माणूस ट्राममध्ये बसून येईल ना? चालत कशाला येईल?”

प्रदर्शनाला फोटो दिला. मागची शाई तशीच ठेवली, तिच्याखाली पेन्सिलीनं नवी तारीख लिहिली. टोपीबद्दल काही लिहायचं नाही, असं आत्यानं बजावलं होतं.