सतरा हजारांचे पाईप

घरात १ लाख ६० हजार रुपये घातले आणि आल्यागेल्याला दाखवायला काहीही नाही. तेवढ्यात किचनच्या ट्रॉल्या झाल्या असत्या, त्या उघडून बंद करून दाखवता येतात, सोफा घेतला असता तर पाहुणे निदान त्यावर बसले तरी असते. आम्ही पाण्याचे पाईप बदलले. नणंद आली, घरभर फिरली आणि म्हणाली, "टाईल्स छान आहेत गं, कितीला पडल्या?" आता तिला काय सांगणार की टाईल्स आम्हाला नकोच होत्या, त्या पाईपांबरोबर आल्या.

आमची बिल्डिंग डोंबिवलीतली, १९८६ ची. आत सगळे जी.आय.चे पाईप, म्हणजे लोखंड आणि त्यावर जस्ताचा थर. हे जस्त मोठं गुणी, स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, पण झिजून झिजून किती दिवस पुरणार. त्यात जिथे दोन पाईप जोडायचे तिथे आटे पाडावे लागतात आणि आटे पाडताना नेमका तोच थर खरवडला जातो, म्हणून गंज पहिला धरतो तो जॉईंटला. जुने प्लंबर त्यावर सुतळी गुंडाळून सफेदा फासायचे आणि वर्षानुवर्षं थेंब गळायचा नाही हे खरंय, पण बाहेर गळत नाही म्हणजे आत सगळं ठीक असं नसतं. आमच्याकडे गळलं काहीच नाही. फक्त शॉवरची धार बारीक झाली, मग नळाच्या जाळीत लालसर कणी अडकायला लागली, गावाहून परत आलं की पहिली बादली चहाच्या रंगाची, आणि किचनमधे नळ सोडला की बाथरूममधून ओरडा. मशीनमधे पांढरे शर्ट पिवळे व्हायला लागले तेव्हा नवऱ्याने साबणाचा ब्रँड बदलला, तेवढा एकच उपाय फुकटात जमण्यासारखा होता.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं अजून एक दुखणं. लोकांना वाटतं टाकी डोक्यावरच आहे म्हणजे यांची मजा. उलट आहे. पाण्याला जोर येतो तो उंचीवरून पडण्याने, १० मीटरला साधारण १ किलो प्रेशर, आणि आमच्या शॉवरपासून टाकी जेमतेम ३ मीटरवर. तळमजल्यावाल्यांचा पाईप निम्मा बुजला तरी त्यांना कळत नाही, आम्हाला पाव बुजला की लगेच कळतं. पाईपातली वाट निम्मी झाली की पाणीही निम्मं येईल असंही नसतं, कितीतरी कमी येतं. यावर कोणीतरी प्रेशर पंप बसवायचा सल्ला दिला होता, म्हणजे आधीच पोकळ झालेल्या पाईपांना आतून अजून रेटायचं. प्लंबरने हात जोडले.

प्लंबर ओडिशाचा, केंद्रापाड्याकडचा. आपल्याकडे मुंबईच्या आसपास प्लंबिंगच्या कामात या एका जिल्ह्यातले लोक इतके आहेत की नवल वाटतं, पण तिथे घराघरातून हेच काम शिकून पोरं बाहेर पडतात, पट्टामुंडईला प्लंबिंगची सरकारी संस्थासुद्धा आहे. तर त्याला बोलावलं होतं फक्त मोरीचा एक नळ बदलायला. त्याने पाना लावला, एकदा नळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाला, "भाभी, हाथ लगाया तो पूरा करना पड़ेगा." मला वाटलं काम वाढवतोय. पाना फिरवला तर नळ सुटला पण आतला निपल, म्हणजे जोडाचा छोटा तुकडा, तुटून त्याचे आटे भिंतीतल्या एल्बोतच, म्हणजे वळणाच्या जोडातच राहिले. मग टाईल फोडून तो एल्बो काढायचा, एल्बो काढताना त्यामागचा पाईप हलणार, तो हलला की त्याच्या पुढचा जॉईंट सुटणार, असं मारुतीचं शेपूट. त्याने हातभर तुकडा कापून काढला आणि उभा धरून दाखवला. बाहेरून चांगला अर्धा इंची पाईप, आत चहूबाजूंनी तपकिरी-काळे फोड आणि मधे कशीबशी पेन्सिल जाईल एवढी वाट. बघणारा प्रत्येकजण त्यावर अँजिओग्राफीचा विषय काढायचा. फरक एवढाच की याला मेडिक्लेम नाही, घराचा विमा असला तरी झीज आणि गंज म्हटलं की विमावाले हात वर करतात.

मग इस्टिमेट आलं, वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॅपवर. मी आधी पाईपाच्या ओळीवर बोट ठेवलं. सी.पी.व्ही.सी. म्हणजे प्लास्टिकचे पाईप, फिटिंग्ज, ते चिकटवायचं सोल्यूशन सगळं धरून साधारण १७ हजार. त्यातही गंमत अशी की पाईप स्वस्तच असतो हो, सरळ जायला पैसे पडत नाहीत, पैसे पडतात वळायला. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर एल्बो, टी, कपलर, रिड्यूसर यांची रास ओतली आणि त्यात जिथे नळ बसणार तिथले पितळी आटेवाले एल्बो, तो एकेक केवढ्याला म्हणून विचारलं तर तेवढ्यात चार-पाच फूट पाईप आला असता. वर १८ टक्के जीएसटी. तरी म्हटलं ठीक आहे, सतरा हजार, एवढं काय, जुलैची ट्रिप कॅन्सल करू.

बाकीचे १ लाख ४३ हजार कुठे गेले ते ऐका. भिंतीला पाईपासाठी झिऱ्या मारायला मजूर. फोडलेल्या टाईल्स आठ बाय बाराच्या, फुलाफुलांच्या, त्या कंपनीने बनवणं कधीच बंद केलेलं, माळ्यावर जपून ठेवलेल्या दोन निघाल्या त्यातली एक तडकलेली. म्हणजे पट्टा फोडला की अख्खी भिंत बदलणं आलं, भिंत बदलली की समोरची भिंत कशी ठेवणार, जमिनीला हात लागला की वॉटरप्रूफिंग करायलाच हवं नाहीतर खालच्या वहिनींचं छत गळणार आणि ते एकदा गळलं की तो विषय जन्मभर पुरतो. नवीन टाईल्सवर जुने नळ शोभत नाहीत हे मला मान्य नव्हतं पण दुकानदाराला आणि नवऱ्याला होतं. राबिट, म्हणजे तोडफोडीचा कचरा, गोणीमागे पैसे घेऊन खाली जाणार, तेही दुपारच्या वेळेतच, वॉचमनचा चहा वेगळा. मग बाहेरच्या पॅसेजमधल्या रंगाला हात लागला म्हणून रंग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, आमच्या कोंबडीला तर दहातला जेमतेम एक आणा आला.

प्लंबरने एक दुसरा रस्ता सुचवला होता आणि मला तो मनापासून पटला होता. जुने पाईप भिंतीत तसेच मेलेले राहू देत, नवीन लाईन छताखालून उघडी फिरवू आणि जिथे नळ तिथे खाली उतरवू. चाळीस हजारात विषय संपतो, टाईलला धक्का नाही. सासूबाई लगेच तयार. त्या चाळीत राहिलेल्या, तिथे भिंतीवरून चंदेरी रंग मारलेला पाईप जायचा, त्याच्यावर फडकी वाळायची, चाव्यांचा जुडगा लटकायचा, आणि गळलं तर गळतंय कुठे ते उभ्या उभ्या दिसायचं. नवऱ्याचं म्हणणं घर आहे का गोदाम. मला तर उलट वाटतं की जी वस्तू एक दिवस नक्की बिघडणार ती सिमेंटमधे पुरून वर देखणी फरशी लावणं हाच मुळात खुळेपणा आहे, पण घरात दोन मतं एकीकडे असूनही तिसरं कसं जिंकतं हे मला अजून समजलेलं नाही. शेवटी तह झाला. बाथरूम दोन्ही कन्सील्ड, म्हणजे पाईप भिंतीच्या आत, किचन आणि मागची बाल्कनी उघडी. बाल्कनीतल्या पाईपाला रंग मारून घेतला, कारण सी.पी.व्ही.सी. गरम पाणी आरामात सोसतो पण वर्षानुवर्षं ऊन लागलं की ठिसूळ होतो.

भिंती बुजवायच्या आधी टेस्टिंग झालं ते मात्र बघण्यासारखं. सगळी तोंडं प्लगने बंद, एका टोकाला हातपंप आणि त्यावर प्रेशर दाखवणारं घड्याळ. काटा दहा किलोवर नेऊन ठेवला आणि आम्ही सगळे फोडलेल्या बाथरूममधे धुळीत उभे राहून त्या काट्याकडे बघतोय, सासूबाई स्टूल घेऊन दारात. काटा जरा हलला की प्लंबर ओलसर हात प्रत्येक जॉईंटवरून फिरवायचा. एक जॉईंट निघाला दमट, त्याने तेवढा कापून टाकला आणि नवीन चिकटवला. एवढ्या खर्चात मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं ते फक्त तेव्हा, कारण हा दोष आत गेला असता तर पुढच्या वेळेला या नवीन टाईल्सपण माळ्यावरच शोधाव्या लागल्या असत्या. (चार जास्तीच्या घेऊन ठेवल्यात.)

आता पाणी कसं येतं असं सगळे विचारतात. लालपणा गेला, किचनचा आणि बाथरूमचा तंटा मिटला. जोर मात्र म्हणावा तेवढा नाही, आणि हे प्लंबरने आधीच बजावलं होतं, की घरातलं मी मोकळं करून देतो, पण टाकीतून खाली येणारी उभी लाईन अजून जी.आय.चीच आहे आणि ती तुमची नाही, सोसायटीची आहे. बरोबरच आहे, बाहेरच्या लाईनी, पंप, टाक्या सोसायटीने बघायच्या आणि आतलं ज्याचं त्याने, असंच सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमधे, म्हणजे नमुना नियमावलीत आहे. त्याच उपविधींमधे असंही आहे की पाण्याचा खर्च वाटायचा तो फ्लॅटमधे नळ किती आणि केवढ्या मापाचे यावरून. म्हणजे इतकी वर्षं आम्ही अर्ध्या इंचाचे पैसे भरून पेन्सिलीएवढं पाणी घेत होतो. हे मी सेक्रेटरींना जिन्यात सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, मुद्दा चांगला आहे, लेखी द्या."

लेखी दिलं. उभी लाईन बदलायचा विषय सभेच्या अजेंड्यावर आलाय, सात नंबरला, गणपतीच्या वर्गणीच्या खाली. तळमजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर आधीच टाकलंय की आमच्याकडे पाणी व्यवस्थित येतं, खर्च कशाला.