जॅरा म्हणजे काय रे भाऊ

पर्थला आलो तेव्हा भाड्याचं घर बघताना एजंट सारखा म्हणत होता, 'जॅरा फ्लोअर आहे, जॅरा फ्लोअर!' मला वाटलं टाइल्सचा ब्रँड असेल. बायकोने हळूच गूगल केलं तर कळलं, अरे ही तर निलगिरी!

आपल्या डोक्यात निलगिरी म्हणजे सर्दीचं तेल आणि रस्त्याकडेची पांढरट सरळसोट झाडं, पण हा जॅरा वेगळाच, खडबडीत सालीचा, लाकूड गडद लाल, आणि नैसर्गिकरीत्या वाढतो फक्त ऑस्ट्रेलियाच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात. शब्दही इथलाच, नूंगार या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. गोऱ्यांनी आधी त्याला इथल्या स्वान नदीचं महोगनी म्हटलं, पण टिकला तो जॅराच. शेजारचे कॅरी आणि मॅरी, तीही निलगिरीच्याच गोतावळ्यातली झाडं आणि नावंही नूंगारच. (आमच्या पोराला ही तीन भावंडं वाटतात.)

लाकूड इतकं चिवट की वाळवीलाही लवकर दाद देत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर फरशीसारखे याचे ठोकळे बसवले आणि रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर तर पार भारतात गेले! म्हणजे आमच्याआधी जॅरा तिकडे जाऊन आला, आम्ही आता उलटे इकडे.

२०२४ पासून इथल्या सरकारी जंगलांतली व्यापारी लाकूडतोड बंद आहे, त्यामुळे जुन्या फळ्यांना आता भलताच भाव आलाय. घर आम्ही घेतलं. जमिनीवर पाणी सांडलं की मीच पहिला फडकं घेऊन धावतो.